शिंपल्यांची भर

माझा धंदा पाणी उपसण्याचा. शारजात कुठेही इमारतीसाठी खड्डा खणला की माणूसभर खोलीवर पाणी लागतं. मग औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या वर्कशॉपमधून पंप जातात आणि पाया भरून होईपर्यंत अहोरात्र घरघरत राहतात. पंप बंद पडला तर सकाळी खड्ड्याचं तळं झालेलं असतं. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणसाला जमिनीबद्दल फारसा आदर उरत नाही. ज्याच्या आईच्या घरात उधाणाचं पाणी शिरतं, तो इथे दुसऱ्यांचे खड्डे कोरडे ठेवून पोट भरतो, हा विनोद मला बऱ्याच जणांनी ऐकवला आहे. दर वेळी मी चिडलो आहे.

दुसरा एक विनोद आमच्या वर्कशॉपचा आहे. समुद्राकाठच्या खारट, आतून ओल्या आणि वरून सुकलेल्या जमिनीला अरबीत सबखा म्हणतात. अर्थ साधाच, खारी सपाटी. पण आमच्याकडच्या हिंदी बोलणाऱ्या पोरांनी तो शब्द मधोमध तोडला. सब खा. एखादी साइट तसल्या जमिनीवर आहे असं कळलं की कोणीतरी म्हणणारच, "सर, पाइप ज्यादा लेके चलो, ये सब खा है, सब खा जाता है." मी हे अम्माला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "नाव उगाच पडत नाय रे," एवढंच म्हणाली आणि कोथिंबीर निवडत बसली.

अम्माला मी व्हिजिट व्हिसावर आणलं होतं. माझ्या मनात एकच गोष्ट होती. तिने आता परत जाऊ नये.

आमची वाडी रायगडात, खाडीच्या आत, खाजणात आहे. खाजण म्हणजे भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल, अशी जागा. तिथे मुळात राहण्याजोगी जमीन नव्हतीच. आमच्या कोणा जुन्या माणसांनी चिखलावर चिखल टाकून उंचवटा केला, भोवती बांध घातला आणि वर घरं बांधली. असली जमीन बसत जाते, म्हणून दर वर्षी पावसाआधी प्रत्येक घराने भर घालायची. मातीच्या पाट्या, दगड, चुलीतली राख आणि सगळ्यात जास्त शिंपल्या. आमच्याकडे तिसऱ्या खाल्ल्या की त्यांच्या शिंपल्या कचऱ्यात जात नाहीत, मागच्या दारी पडतात. नवी सून आली की तिने पहिलं कालवण तिसऱ्यांचं करायचं आणि उष्ट्या शिंपल्यांची पाटी स्वतःच्या हाताने मागे टाकायची, म्हणजे ती घरची झाली. लहानपणी आम्ही जेवताना कुरकुर केली की अम्मा म्हणायची, "खा आणि भर घाल." मला बरीच वर्षं ते पोटाबद्दल आहे असं वाटायचं.

मग बांध फुटला. बांधला, पुन्हा फुटला. आता अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी घरात येतं. ते दारातून येत नाही. आधी उखळाच्या खळग्यात ओल दिसते, मग चुलीच्या कडेला, मग अख्खी जमीन घामेजते आणि बघता बघता पावलं बुडतात. शेजारची घरं एकेक करून बंद झाली. कोणी मुंब्र्याला गेलं, कोणी पनवेलला, कोणी कुवेतला. अब्बा गेल्यावर अम्मा एकटीच. फोनवर मी रागावलो की म्हणायची, "अरे, पाणी येतं तसं जातं. ते काय राहायला येतं?" माझं म्हणणं, एक दिवस ते राहायला येईल.

शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती बाल्कनीत बसायची. समोर नव्या टॉवरचा खड्डा होता आणि त्यात आमच्याच कंपनीचे पंप. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "हे एवढं पाणी कुठनं काढतात?"

"खालून."

"म्हणजे इथेपण खाली पाणीच हाय."

"असू दे ना खाली. आपण वर आहोत."

"वर तर आम्हीपण हाय," ती म्हणाली. मी विषय बदलला.

माझी मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. दादीचं मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. दोघींचं त्यातच छान जमायचं. शाळेने तिला एक प्रोजेक्ट दिलं होतं. शेजारच्या उम्म अल क्वैनच्या बाजूला खाडीकाठी हजारो वर्षांपूर्वीची एक वस्ती सापडली आहे, माणसांनीच रचलेल्या टेकाडावर, तिच्याबद्दल. तिने टॅबवर दादीला फोटो दाखवले. "पीपल मेड इट, दादी. इट्स नॉट अ रियल हिल." अम्मा ते फोटो बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "मला इथे ने."

मी खूश झालो. उंच इमारती, मॉल, कारंजी सगळं दाखवून झालं होतं आणि कशालाच तिने 'मला ने' म्हटलं नव्हतं. थंडीचे दिवस होते. शनिवारी बायकोची हॉस्पिटलात ड्यूटी होती, म्हणून आम्ही तिघंच निघालो. गाडीत बसताना अम्माने विचारलं, "आज चांदाची कितवी?"

आमच्याकडे खाडीवर जायचं तर हे आधी विचारतात. चांदाच्या तारखेवरून उधाण कळतं. मी म्हटलं, "अम्मा, इथे सगळं मोबाइलवर कळतं." आणि मोबाइल काही बघितला नाही.

टेकाड लांबूनच दिसलं. चारी बाजूला जमीन परातीसारखी सपाट, पांढुरकी, आणि मधेच ते तपकिरी, बसकं. एका अंगाला खारफुटी, पलीकडे खाडीचं उथळ पाणी. भोवती तारेचं कुंपण होतं, पण एका बाजूचे खांब मिठाने खाऊन टाकलेले आणि तार वाळूत बसलेली. माणूस कोणी नाही. वारा समुद्राकडून होता आणि त्याला कुजक्या शेवाळाचा वास होता. अम्माने नाक वर करून तो वास घेतला आणि तिचा चेहराच बदलला.

ओहोटी लागली होती. पाणी इतकं मागे गेलं होतं की खारफुटीच्या पुढे चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडला होता. त्यावर बारीक भोकं दिसत होती. ती तिसऱ्यांची, हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. शारजाच्या मासळीबाजारात तिसऱ्यांचा भाव मी रुपयांत सांगितला तेव्हा अम्माने कपाळावर हात मारून घेतला होता. इथे त्या फुकट पडल्या होत्या.

"डॅड, आय डोंट थिंक इट्स अलाउड," मुलगी म्हणाली.

"खायला घेतोय, विकायला नाही," मी म्हटलं. अम्माचे गुडघे दुखतात, एवढं चालणं तिला झेपलं नसतं. समोर टायरच्या जुन्या खुणा होत्या. म्हणजे कोणीतरी गेलं होतं. मी गाडी रस्त्यावरून खाली घेतली आणि थेट चिखलाच्या काठाशी नेली. पांढरी खपली टायरखाली पापडासारखी वाजत होती. मला त्या जमिनीचं नाव माहीत होतं, तिच्या पोटातलं पाणी काढून मी पगार घेतो, आणि तरी गेलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

अम्मा साडी खोचून चिखलात उतरली ती दहा वर्षांनी लहान होऊनच. बोटं आत घालायची, उपटायची, पिशवीत टाकायची. मुलगीही बूट काढून सामील झाली. मी एक-दोनदा वाकलो, मग पाठ धरली म्हणून गाडीला टेकून फोटो काढत उभा राहिलो. पिशवी अर्धी झाली असेल. अम्मा एकदम सरळ झाली आणि पाण्याकडे बघू लागली.

"किती मागे गेलंय रे पाणी," ती म्हणाली. "एवढी ओहोटी म्हणजे भरतीपण तेवढीच. आज कितवी ते बघ."

मी मोबाइल काढला. चांदाची एकोणतीस. अमावास्येचं उधाण.

तरी समोर काहीच दिसत नव्हतं. पाणी होतं तिथेच होतं, लांब, चकाकत. फ्लेमिंगो पक्षी मात्र सगळे एकाच वेळी उठले आणि न ओरडता आतल्या बाजूला निघून गेले. मी म्हटलं, "यल्ला, चला, निघू." वळलो तर आमच्या मघाच्या पावलांच्या खुणा पाण्याने भरलेल्या. माझ्या, मुलीच्या, अम्माच्या. जिथे पाऊल पडलं होतं तिथे तळहाताएवढं डबकं, आणि ती डबकी आमच्या डोळ्यांदेखत कडेने फुगत होती. लाट नाही, आवाज नाही. अम्माने माझा दंड घट्ट धरला. "खालनं येतंय," ती म्हणाली. "आपल्या घरी येतं तसंच."

गाडी सुरू झाली, हलली आणि मागच्या अंगाने खाली बसली. मी ॲक्सिलरेटर दाबला तशी ती आणखी बसली. खपलीखालचा राखाडी चिखल चाकांवर चढत होता. मी शिव्या घातल्या, मुलीसमोर घालू नयेत तसल्या. खाली उतरलो तर पाय नडगीपर्यंत गेला. वर्कशॉपच्या फोरमनला फोन लावला. तो पेशावरकडचा, वाळूतून आणि चिखलातून गाड्या काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

"हबीबी, सबखा में गाड़ी? आप?" मग आवाज बदलून म्हणाला, "गाड़ी खलास समझो. पास में कोई ऊँची जगह है?"

"टीला है एक."

"तो चढ़ो. अभी चढ़ो. पानी उतरेगा तब आऊँगा, इन्शाल्ला."

रस्त्याकडे बघितलं तर आम्ही आलो त्या सखल वाटेवर पाण्याचा पातळ पत्रा पसरला होता. आत कुठे घट्ट आहे आणि कुठे मऊ, ते आता दिसणार नव्हतं. टेकाड जवळ होतं. मुलीला पाठीवर घेतलं, अम्माचा हात धरला. तिने पिशवी सोडली नाही. मी ओरडलो, "टाक ती पिशवी!" तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एका ठिकाणी तिचा पाय मांडीपर्यंत गेला, आणि ती ओरडली नाही म्हणूनच मी जास्त घाबरलो. मुलीला खाली ठेवून दोन्ही हातांनी तिला ओढली. चिखल तिला सोडायला तयार नव्हता. शेवटी पाय निघाला, चप्पल आतच राहिली.

कुंपणाशी मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "डॅड, इट्स नॉट अलाउड."

"आज अलाउड आहे," मी म्हटलं आणि तार पायाखाली दाबली.

वर चढलो तेव्हा जीव भांड्यात पडला. पायाखाली घट्ट होतं. अम्मा बसली आणि हाताने जमीन चाचपू लागली. "शिंपल्या," ती म्हणाली. खरंच, सगळीकडे शिंपल्या होत्या, जुन्या, खडूसारख्या पांढऱ्या. संशोधकांनी खणलेला एक चर होता. त्याच्या भिंतीत थर दिसत होते, भाकऱ्यांच्या चवडीसारखे. शिंपल्यांचा पांढरा, मातीचा तपकिरी, राखेचा काळा, पुन्हा पांढरा. अम्मा खाली वाकून ते बघत राहिली. मग म्हणाली, "ही त्यांची मागची दारं हायत."

मुलीला रडणं विसरून सांगायचा हुरूप आला. लोक इथेच का राहिले, मासे, मोती, बोटी, घरांवर घरं. अम्मा ऐकत होती, पण नजर खाली होती. पाणी आता टेकाडाच्या चारी बाजूंना पोचलं होतं. आमची गाडी दारांपर्यंत बुडाली. अचानक तिचे इंडिकेटर आपोआप लागले आणि त्या रिकाम्या पाण्यात पिवळे लुकलुकत राहिले. आत कोणी बसलंय असं वाटत होतं. मला तिकडे बघवेना आणि नजरही हटवता येईना. थोड्या वेळाने तेही थांबलं.

"मग शेवटची चूल कोणी विझवली?" अम्माने विचारलं.

"व्हॉट, दादी?"

"एवढी माणसं राहिली. एकेक करून गेली असतील. शेवटी एक तरी घर राहिलं असेल ना? त्या घरातली चूल कोणी विझवली?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मग खांदे उडवले. "नोबडी नोज, दादी."

सूर्य खाली गेला. मगरिबची नमाज तिने तिथेच पढली, एका पायात चप्पल नाही, साडी मांडीपर्यंत चिखलाने थापलेली. मी मुलीला जवळ घेऊन बसलो होतो. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीच्या तळाशी, खरं सांगतो, एक समाधानही होतं. आता हिला कळलं असेल, असं मला वाटत होतं. आता ही परत जायचं नाव काढणार नाही. पाणी वर येताना बघितलं की कोणाचाही हट्ट संपतो.

फोरमन आला तेव्हा पुरता काळोख झाला होता. पाणी उतरलं होतं. त्याने आम्हाला एकेकाला धरून रस्त्यावर नेलं. गाडीचं जे व्हायचं ते झालं.

दुसऱ्या दिवशी अम्माने त्या तिसऱ्यांचं कालवण केलं. इतकं चविष्ट कालवण मी कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं. जेवण झाल्यावर तिने शिंपल्या गोळा केल्या, धुतल्या, बाल्कनीत वाळत घातल्या. मग म्हणाली, "माझ्या तिकिटाचं बघ."

माझा पारा चढला. "अजून? काल बघितलंस ना डोळ्यांनी?"

"म्हणूनच. त्या टेकाडावर लोक का राहिले रे? जागा उंच होती म्हणून? अरे, भर घालत होते म्हणून ती उंच होती. घालायचे थांबले, खलास." हा शब्द ती इथे येऊन शिकली होती. "माझ्या चुलीत अजून विस्तव हाय. मी इथे बसले तर तिथे कोण घालील?"

मी बोलू नये ते बोललो. तू मरशील तिथे, असंही बोललो. तिने शांतपणे शिंपल्या जुन्या ओढणीत बांधल्या आणि बॅगेच्या तळाशी ठेवल्या. "आपल्या उष्ट्या शिंपल्या काय परक्याच्या कचऱ्यात टाकू?" विमानतळावर एक्सरेवाल्याने गाठोडं सोडून बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा बांधून दिलं.

वाडीत पोचल्यावर तिने व्हिडिओ कॉल केला. मागच्या दारी शारजाच्या शिंपल्या टाकताना मुलीला दाखवल्या. मुलगी टाळ्या वाजवत होती. मी फोनच्या चौकटीत फक्त मागचं पाणी बघत होतो. ते दारापासून फार लांब नव्हतं.

त्यानंतर मलाही ती खोड लागली. चांदाची तारीख बघायची. अमावास्या आली, पौर्णिमा आली की साइटवर उभं राहून फोन लावायचा. ती उचलायची, "येऊन गेलं पाणी, तू काम कर," म्हणायची. शेवटचे शेजारीही ईदनंतर निघून गेले. हे तिने मला सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं.

ह्या पावसाळ्यात, उधाणाच्या दिवशी दुपारी, तिचाच फोन आला. ती स्वतःहून कधी करत नाही. मी पंपांच्या आवाजातून बाजूला झालो.

"कुठे आहेस?"

"माळ्यावर."

"पाणी किती?"

"हाय खाली. ओहोटी लागली की उतरेन." थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज ऐकू आला, खोलीतल्या खोलीत हलणाऱ्या पाण्याचा. मग म्हणाली, "चूल विझली रे आज. त्या टेकाडावर मी विचारलं होतं, शेवटची चूल कोणी विझवली. उगाच विचारलं. माणूस नाय विझवत. पाणी विझवतं." आणि मग, "ये मला न्यायला."

हे ऐकण्यासाठी मी वर्षानुवर्षं भांडलो होतो. आणि ऐकल्यावर माझ्या तोंडून काय निघावं? "अम्मा, थांब ना. भर घालू आपण. मी माणसं पाठवतो, माती पाठवतो, डंपर पाठवतो. ह्या वर्षी चांगली दुप्पट घालू."

"कशाची घालतोस, मेल्या?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तिसऱ्याच नाय राहिल्या खाडीत."

मागे माझे पंप दुसऱ्याच्या खड्ड्यातलं पाणी ओढत होते. मी साइटच्या पत्र्याला टेकून रडलो. पोरं बघत होती, बघू दे म्हटलं. संध्याकाळी तिकिटं काढली, जायचं एक आणि यायची दोन.